मोलवान मोती आणि रेव्हरंड टिळक



आजच्या शुभवर्तमानातील व्यापाऱ्याला एक मोलवान मोती सापडतो आणि जवळचे सर्व विकून तो मोती घेतो. स्वर्गराज्य असेच आहे, हे प्रभू येशू त्यातून शिकवतो.

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांना हा मोती १८९३ साली आगगाडीत गवसला. एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्त तुटले.

व्यापाऱ्याच्या बायकोचे काय झाले, हे दृष्टांतात सांगितलेले नाही. इथे मात्र न मागितलेल्या मोत्याची किंमत लक्ष्मीबाईंनी भरली. लहान दत्तूला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. परतल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. १९०० साली, स्वतःच्या विचाराने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे, पण त्यांची भजने आपणही गातो. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते देवाघरी गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.