बोटभर चित्रातलं सोनं

टेबलटॉप गेममधल्या बोटभर योद्ध्याचं चिलखत चमकवायचंय? आज मेटॅलिक रंगाची बाटली उघडली की झालं! निकोलस हिलियर्डला मात्र ही चमक स्वतः घडवावी लागली.

१५४७च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटर गावी, सोनाराच्या घरात त्याचा जन्म झाला. लंडनमध्ये राणीचे सोनार रॉबर्ट ब्रँडन यांच्या हाताखाली तो काम शिकला. १५७२मध्ये त्याने थेट राणी पहिली एलिझाबेथचं चित्र काढलं, तेही तळहातावर मावेल एवढं.

दागिने रंगवताना त्याच्यातला सोनार जागा व्हायचा. सोन्याची पूड डिंकात कालवून लावायची, वाळली की छोट्या प्राण्याच्या दाताने घासून उजळायची. माणिक हवंय? मग खाली घासलेली चांदी आणि वर तापल्या सुईने बसवलेला लाल राळेचा थेंब. उजेड चांदीवरून परततो आणि खडा आतून पेटल्यासारखा दिसतो.

दरबारात नाव झालं, पण हातात पैसा टिकला नाही. १६१७मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे त्याला तुरुंगात जावं लागलं. १६१९मध्ये तो गेला. त्याच्या चित्रांतली चांदी आता बरीच काळवंडलीय. सोनं मात्र अजून चमकतंय.