थॉमस ग्रे आणि हातोहात गेलेली कविता

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून थोडे पश्चिमेला स्लाऊ हे शहर आहे. भारतीय बांधवांची तेथे मोठी वस्ती आहे. शहराच्या उत्तरेस दोन-तीन मैलांवर स्टोक पोजेस हे गाव लागते. तेथील जुन्या चर्चच्या आवारात कवी थॉमस ग्रे चिरनिद्रा घेत आहेत. खेड्यातील स्मशानात निजलेल्या अनाम कष्टकऱ्यांवर त्यांनी लिहिलेले शोकगीत इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांना ठाऊक असेलच. त्या गीताची हकीकत मात्र फार थोड्यांना माहीत असते.

ग्रे यांचा जन्म २६ डिसेंबर १७१६ रोजी लंडनमध्ये झाला. बारा मुलांपैकी ते एकटेच जगले. वडील तापट आणि मारकुटे होते. आई डोरोथी हिने आपल्या बहिणीबरोबर स्त्रियांच्या टोप्यांचे व साजशृंगाराचे दुकान चालवून मुलाला शिकविले. स्लाऊला लागूनच असलेल्या ईटनच्या शाळेत त्यांचे मामा शिक्षक होते. तेथे पंतप्रधानांचा मुलगा होरेस वॉलपोल याच्याशी त्यांची मैत्री जमली. पुढे ते केंब्रिजला गेले आणि जवळजवळ सारा जन्म तेथेच राहिले. १७४२ मध्ये आई व मावशी स्टोक पोजेसला राहावयास आल्या, तेव्हापासून सुट्टीत ग्रे यांचा मुक्काम तेथे असे.

जून १७५० मध्ये त्यांनी हे गीत पुरे करून वॉलपोलकडे धाडले. वॉलपोलला ते इतके आवडले की त्याने दहा जणांना दाखविले. त्या दहांनी आणखी कोणाला. नकलांवर नकला झाल्या. सहा-आठ महिन्यांत कविता लंडनच्या बैठकांतून फिरू लागली. आपल्या झाकरीची गाणी अशीच एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली, पण ती विकावयास कोणी दुकान मांडले नव्हते.

लंडनमध्ये ते मांडले गेले. फेब्रुवारी १७५१ मध्ये एका मासिकाच्या चालकांचे ग्रे यांना पत्र आले. आपली कविता छापावयास घेतली आहे, आपली अनुमती असावी, असा मजकूर होता. आधी खिळे जुळवायचे आणि मग परवानगी मागायची, असा हा सभ्यपणा!

कायदा ग्रे यांच्या बाजूचा होता. दहाच वर्षांपूर्वी, १७४१ मध्ये, कवी पोप यांच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी ठरविले होते की पत्र ज्याला मिळाले त्याचा हक्क कागदापुरता; मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचाच. म्हणजे कविता शंभर हातांतून फिरली, तरी ती छापण्याची मोकळीक कोणाला मिळत नाही. पण कोर्टाची पायरी चढेपर्यंत मासिक बाजारात आले असते. ग्रे यांनी वेगळाच मार्ग धरला. त्यांनी लगेच वॉलपोलला लिहून रॉबर्ट डॉड्स्ले या प्रकाशकाकरवी कविता तातडीने छापवून घेतली. १५ फेब्रुवारीला ती सहा पेन्सला विक्रीस निघाली आणि दुसऱ्याच दिवशी ते मासिक आले!

डॉड्स्लेच्या पुस्तिकेवर ग्रे यांचे नाव नव्हते. त्यांनीच तसे सांगितले होते. मासिकाने मात्र ते छापून टाकले. दोन महिन्यांत चार आवृत्त्या खपल्या आणि ग्रे यांनी एक पैही घेतली नाही. कवितेचे पैसे घेणे सभ्य गृहस्थाला शोभत नाही, अशी त्यांची समजूत. दुकान चालवून शिकविणाऱ्या आईच्या मुलाने असे मानावे, याचे आम्हाला नवल वाटते. १७५७ मध्ये राजकवीचे पदही त्यांनी नाकारले. त्या वर्षीच्या दोन कवितांचे मात्र चाळीस गिनी घेतले. ३० जुलै १७७१ रोजी केंब्रिजला ते वारले. आपले बेट तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते.

त्यांचे कागद मित्र विल्यम मेसन यांच्याकडे आले. १७७५ मध्ये मेसन यांनी ग्रे यांच्या कविता व चरित्र प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी जॉन मरे या प्रकाशकाने ग्रे यांच्या कवितांचे पुस्तक काढले. त्यात मेसन यांच्या ग्रंथात प्रथमच आलेल्या पन्नासेक ओळी होत्या. मरेने भरपाई देऊ केली, रक्कम तुम्हीच ठरवा म्हणाला. मेसन यांनी ऐकले नाही, दावा लावला आणि जिंकला. इंग्लंडात १७१० पासून छापील पुस्तकाला चौदा वर्षे संरक्षण होते, लेखक हयात असल्यास आणखी चौदा. दुसऱ्याच्या ग्रंथाचा प्रामाणिक संक्षेप करण्यास हार्डविक यांनीच मोकळीक दिली होती, पण मरेने संक्षेप केला नव्हता, ओळी जशाच्या तशा उचलल्या होत्या. तरीही डॉक्टर जॉन्सन यांच्यासारख्यांना मेसन यांचे वागणे रुचले नाही. आम्हालाही रुचत नाही. कारण मित्राच्या पन्नास ओळींसाठी कोर्टात गेलेल्या याच मेसन यांनी चरित्रात मित्राची पत्रे मनास येईल तशी कापली, जोडली आणि बदलली. त्याबद्दल दावा लावणार कोण?

स्टोक पोजेसला ग्रे आईच्याच थडग्यात आहेत. वरच्या दगडावर मावशीचे व आईचे नाव आहे. तो मजकूर ग्रे यांनीच लिहिलेला. त्यांचे स्वतःचे नाव तेथे नाही. ते समोर चर्चच्या भिंतीत बसविलेल्या पाटीवर वाचावे लागते.