गवयाच्या धंद्याची अब्रू : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

नाताळच्या रात्रीं मंदिरांत गायकवृंद गातो, लग्नाच्या वरातींत वाजंत्री वाजवितात, आणि दोहोंचेंही आपण कौतुक करितों. परंतु ज्याचें पोट ह्याच विद्येवर आहे, त्यास आपण मनांतून कोणती जागा देतों? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या आयुष्यानें दिलें, त्यांचें चरित्र ह्या महोत्सवाच्या अंकांत कुरुळीच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. वडील कीर्तनकार होते. लहानपणीं फटाक्याच्या दारूनें डोळ्यांस इजा होऊन दृष्टि अधू झाली व शाळा सुटली. पुढें मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांजपाशीं राहून त्यांनीं ग्वाल्हेर घराण्याची गायकी मोठ्या कष्टानें संपादिली.

त्या काळीं गवयी म्हणजे संस्थानिकाचा आश्रित. धन्याची मर्जी असेल तोंवर आदर. एरव्हीं पंक्तींत त्याचें पान दूरच. मिरजेंतील एका समारंभाचें बोलावणें आपणांस आलें, पण गुरूंस आलें नाहीं, हें विष्णुबुवांच्या मनास फार लागलें, असें सांगतात. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली.

पुढील प्रवासांत त्यांनीं तिकीट लावून जाहीर जलसे केले. ऐकणारानें ठरलेला दाम द्यावा, गवयानें त्याचा पुरा मोबदला गाण्यानें द्यावा. ह्यांत कोणी कोणाचा मिंधा नाहीं. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. प्रारंभीं विद्यार्थी थोडे होते. तरी अभ्यासक्रम, परीक्षा, पदव्या आणि स्वरलेखनाचीं पुस्तकें सिद्ध झालीं. गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि शिकवीत, आणि त्या बळावर कित्येक ख्रिस्ती वादकांनीं मुंबईंत आपला संसार चालविला. विद्या कागदावर उतरली म्हणजे ती एका घराची मिरास राहत नाहीं, हें तत्त्व दोन्हीं ठिकाणीं एकच.

१९०८ सालीं मुंबईस विद्यालय निघालें. गरीब मुलांस तेथें अन्नवस्त्र व विद्या मिळे. नेम, नीटनेटका पोषाख आणि निर्व्यसनी वर्तन ह्यांवर बुवांचा कटाक्ष असे. खर्चाचा भार त्यांच्या जलशांवर पडे. इमारतीसाठीं काढलेलें कर्ज फिटेना आणि अखेर ती वास्तु लिलांवांत गेली. तो घाव मोठा होता. उत्तरायुष्यांत त्यांचें मन रामनामाकडे वळलें व नाशकास त्यांनीं आश्रम केला. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचें देहावसान झालें.

इमारत गेली, पण माणसें राहिलीं. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे त्यांचेच शिष्य. दुसरे शिष्य विनायकराव पटवर्धन ह्यांनीं १९३२ सालीं आपल्या जवळच्या पुण्यांत गांधर्व महाविद्यालय काढिलें.

पैसे घेतल्यानें कोणी हलका होत नाहीं, व न घेतल्यानें थोर होत नाहीं. विद्या पुरी शिकणें, वेळेस हजर राहणें, दिलेला शब्द पाळणें, आणि आपणांस मिळालें तें पुढच्यास देणें, ह्यांनींच धंद्यास अब्रू येते. हें कर्तव्य वादकाचें झालें. आपलें कर्तव्य एवढेंच, कीं पुढील सणास वाजंत्री दारीं आल्यास त्यांस आपल्याच पंक्तींत बसवावें, आणि ठरलेली बिदागी त्यांनीं मागण्यापूर्वीं हातीं द्यावी.