हैदराबादचे फुटबॉल मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

‘मैदान’ चित्रपटामुळे आपल्या मुलांना रहीमसाहेबांचे नाव कळले. ते आपल्याच शहरातले एक शिक्षक होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते खेळले, पुढे शिक्षक झाले. काचीगुडा, चादरघाट येथील शाळांत त्यांनी शिकवले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. स्थानिक लीगमध्ये ते कमर क्लबकडून खेळत. 1943 मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले.

त्या काळी शहरात सिटी अफगाण्स नावाचा संघ होता. तोच पुढे हैदराबाद सिटी पोलीस म्हणून गाजला. 1950 मध्ये या संघाचे प्रशिक्षण रहीमसाहेबांकडे आले. हे खेळाडू काही व्यावसायिक नव्हते. पोलिसातली नोकरी हाच त्यांचा चरितार्थ. साधने बेताचीच, म्हणून भर सरावावर. चेंडू पायात घोळवत न बसता चटकन साथीदाराकडे द्यायचा, हा त्यांचा पहिला धडा. दोन्ही पाय सारखे चालावेत म्हणून ते फक्त कमजोर पायाने खेळण्याच्या स्पर्धा भरवत. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुळशीदास बलराम या गरीब मुलाला सरावाला येणे परवडेना, तेव्हा त्यांनी त्याच्या सायकलची सोय केली. तोच बलराम पुढे दोन ऑलिंपिक खेळला.

फळ लगेच दिसले. 1950 च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत मोहन बागानशी 2-2 बरोबरी झाली आणि फेरसामना पोलीस संघाने 1-0 असा जिंकला. मुंबईचा रोव्हर्स चषक तर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबादेत आला.

भारतीय संघाची धुराही त्यांच्याकडेच होती. 1951 मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. पण 1952 मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने 10-1 असा दारुण पराभव केला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. मास्तर खचले नाहीत, त्यांनी खेळाची मांडणीच बदलली. चार वर्षांनी मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवून भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले.

1962 मध्ये जकार्ताला जाताना कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. बचावफळीतला जर्नेल सिंग डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत होता. त्याला त्यांनी आघाडीला खेळवले. 4 सप्टेंबरला प्रेक्षक विरोधात असताना भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे नमवले. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा.

अवघ्या नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी, रहीमसाहेब गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेले नाही. काचीगुड्यावरून, चादरघाटावरून आपण नेहमी जातो. जाताना मुलांना एवढे जरूर सांगावे, की तो सुवर्णपदकाचा मास्तर इथल्याच शाळांत शिकवत असे.