मोल्सवर्थ : शिपाई आणि शब्दसंग्राहक

व्लादिमिर दाल (१८०१-१८७२) हा रशियन नौदल अधिकारी कोशवाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. नौदल सोडून तो वैद्य झाला, ‘कझाक लुगान्स्की’ या टोपणनावाने कथा लिहू लागला आणि अखेरीस बोलत्या रशियन भाषेचा चार खंडांचा कोश (१८६३-६६) त्याने सिद्ध केला. मराठीपुरता त्याचा जवळचा आप्त शोधू गेल्यास तो एका इंग्रजात सापडावा, हे काहीसे विस्मयकारक आहे.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५-१८७१) १८१२ मध्ये कोवळ्या वयात कंपनीच्या मुंबई सैन्यात आला. पेशवाईच्या अस्तानंतर सोलापूरच्या छावणीत तो मराठी शब्द टिपू लागला. पुढे सरकारने या खटाटोपास मान्यता दिली. जॉर्ज व टॉमस हे कँडी बंधू आणि काही ब्राह्मण पंडित त्यास साहाय्यक मिळाले. १८३१ मध्ये सुमारे ४०,००० शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. शास्त्र्यांच्या संस्कृत शब्दांशेजारी कुणब्याची, बाजारातली, कोकणपट्टीतली बोली त्यात निःसंकोच येऊन बसली. म्हणी व वाक्प्रचार तर विपुलच. दालला मातृभाषेचा आधार होता. मोल्सवर्थला मात्र एकेका शब्दाची अर्थच्छटा विचारून, पारखून घ्यावी लागली. ज्यांना विचारले त्या पंडितांची नावे मुखपृष्ठावर नाहीत, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास नेहमीच खटकत आली आहे.

सच्च्या ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरू नये अशी त्याची धारणा झाली, तेव्हा त्याने सैन्यातील नोकरी सोडली, निवृत्तिवेतनही नाकारले. १८३६ मध्ये तो स्वदेशी परतला. त्याने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीने १८४७ मध्ये पूर्ण केला. १८५१ मध्ये मोल्सवर्थ पुन्हा आला, तो केवळ जुना कोश सुधारण्यासाठी. सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती, जॉन विल्सनच्या भाषाविषयक टिपणासह, १८५७ मध्ये निघाली. ज्या कंपनीच्या सैन्याशी त्याने नाते तोडले होते, तिचे बंगाल सैन्य त्याच वर्षी उत्तरेत बंड करून उठले होते.

बाबा पदमनजींनी या कोशाचा संक्षेप १८६३ मध्ये केला. १९७५ साली पुण्यात दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण झाले. मानेसरला, मराठी कानांवर क्वचितच पडते अशा मुक्कामी, हेच पुनर्मुद्रण आमच्या हाताशी असते.