जे. बी. एस. हाल्डेन : निवडीचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. मँचेस्टरच्या कारखान्यांच्या काजळीत काळे पतंगकीटक पिढ्यान्‌पिढ्या कसे वाढले, याचे गणित त्यांनी १९२४ मध्ये मांडले. आम्हा बँकवाल्यांना ते चक्रवाढ व्याजासारखे वाटते.

थॅलेसेमियाचे एकच सदोष जनुक असणाऱ्यांना हिवताप कमी बाधत असावा, म्हणून ते जनुक टिकले, असे त्यांनी १९४९ मध्ये सुचवले. पुढे त्याला पुरावेही मिळाले.

१९५७ मध्ये ते कोलकात्याला आले, १९६१ मध्ये भारतीय नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

लग्न ठरवताना आपण पत्रिकेबरोबर थॅलेसेमियाची रक्ततपासणीही करून घेऊ. दोघेही वाहक निघाले, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊ. पण वाहक म्हणून कोणाच्या मुलामुलीला नावे ठेवू नयेत. याच जनुकाने कित्येकांचे पूर्वज तारले आहेत.