दापुऱ्याचा गुराखी : श्री गाडगेबाबांचे चरित्र

आपल्या वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळ्यांत गाडगेबाबांचे नाव ठाऊक नाही असे घर क्वचितच असेल. डोक्यावर फुटके गाडगे, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा, हे त्यांचे रूप पुष्कळांनी भिंतीवरील चित्रांत पाहिले आहे. ते आपल्या धर्माचे नव्हते, ते विठ्ठलाचे भक्त होते, तर त्यांचे चरित्र ह्या पत्रात कशास, असे कोणी बंधू विचारतील. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, ज्या गावांत आपण राहतो त्याच गावांत हा पुरुष लहानाचा मोठा झाला, आणि त्याचे बालपण आपल्या मंडळीतील कित्येक लेकरांच्या बालपणासारखे होते. ह्या लेखात खराट्याविषयी थोडे व त्या बालपणाविषयी अधिक लिहिण्याचा विचार आहे.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म ता. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीकडील शेंडगाव ह्या खेड्यात, परिटाच्या घरी झाला. बाप झिंगराजी दारूच्या पायी खंगला, घरची होती नव्हती ती मिळकत गेली, आणि मुलगा सुमारे आठ वर्षांचा असता तो मरण पावला. आई सखूबाई पोरास घेऊन आपल्या माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापुराजवळच्या दापुरे गावी आली. तेथे तिचा बाप हंबीरराव व भाऊ चंद्रभान हे शेती करून होते.

विधवा बहीण माहेरी आली म्हणजे तिच्याबरोबर आलेल्या पोराने स्वस्थ बसून खावे असे कुणब्याच्या वा बलुतेदाराच्या घरी कधी घडत नसे, आणि ह्याबद्दल मामास दोष देण्याचे कारण नाही. डेबूच्या वाट्यास गुरे आली. पहाटे उठून गोठा झाडावा, शेण काढावे, गव्हाणीत वैरण टाकावी, मग शिळी भाकर फडक्यात बांधून गुरे रानात न्यावी, आणि दिवस मावळता परत यावे, हा त्याचा नित्यक्रम झाला. पुढे अंगात बळ आले तसा तो नांगर, वखर, तिफण व डवरा हाकू लागला, आणि कष्टाळू म्हणून त्याची कीर्ति झाली. रानात इतर गुराखी पोरांस जमवून तो भजन करी. त्या पोरांत ज्यांस गावात शिवत नसत अशा घरची पोरेही असत, आणि तो त्यांच्याजवळ बसून भाकर खाई, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पूर्णा नदीच्या डोहात तो पट्टीचा पोहणारा झाला. इतके सगळे तो शिकला. एक गोष्ट मात्र तो शिकला नाही, ती म्हणजे अक्षर.

ह्या गोष्टीचे मोल त्या घरास फार पडले. ते दिवस वऱ्हाडात कापसाच्या भरभराटीचे होते. 1853 साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, पुढे आगगाडी आली, खामगाव, अकोला, अमरावती येथे सरकी काढण्याचे जिन व गठ्ठे बांधण्याचे प्रेस उभे राहिले, आणि काळ्या जमिनीची किंमत वाढली. जमिनीची किंमत वाढताच सावकाराची नजर तिजवर गेली. चंद्रभानाने कर्ज काढले. मामाभाचे दोघेही निरक्षर, कागदावर काय लिहिले ते दुसऱ्याने वाचून दाखवावे तेव्हा कळावयाचे. कष्ट करून पैसा भरीत असताही कर्ज फिटेना, आणि शेवटी मळ्यावर सावकाराने हक्क सांगितला. त्या दुःखाने मामा गेला, असे सांगतात. जमिनीचा ताबा घेण्यास माणसे आली तेव्हा तरुण डेबूजी औत सोडून बाजूस झाला नाही, आणि त्यांस हात हलवीत परत जावे लागले, ही हकीकत दापुरे भागात पुष्कळ दिवस सांगत असत.

आमच्या उपदेशकांस येथे अलीशा संदेष्ट्याच्या काळच्या त्या विधवेची आठवण होईल, जिची दोन मुले गुलाम करून नेण्यास सावकार दारी आला होता. तसेच नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शेते व द्राक्षमळे गहाण टाकून, शेवटी पोटची मुले दास्यात देण्याची पाळी आलेल्या लोकांचे रडणे आहे. कर्ज बापाचे आणि ते फेडणारे हात लेकराचे, हा प्रकार यरुशलेमेपासून दापुऱ्यापर्यंत एकच आहे. मुलगा सालाने ठेवून त्याच्या मजुरीत बापाची उचल वळती करून घेण्याची चाल आपल्या खेड्यांत किती काळ चालली, हे मंडळीतील वृद्धांनी आपल्या वडिलांकडून ऐकले असेलच.

कायद्याने काय केले, असे कोणी विचारील. 1881 साली सरकारने कारखान्यांचा कायदा केला. त्यात सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची बंदी व बारा वर्षांपर्यंतच्या मुलास दिवसास नऊ तासांची मर्यादा घातली. 1891 साली नव्या कायद्याने किमान वय नऊ केले, आणि चौदा वर्षांखालील मुलांचे काम सात तासांवर आणले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी जी खटपट केली ती ह्याच काळातली. परंतु हे सारे कारखान्याच्या भिंतीच्या आतले. डेबूसारखा जो गुराखी होता, किंवा आईच्या पदरास धरून पऱ्हाटीतून कापूस वेचणारी जी पोर होती, तिच्यासाठी त्या कायद्यात एक अक्षर नव्हते.

डेबूजीचे लग्न 1892 साली कुंताबाईशी झाले. पहिल्या मुलीच्या बारशास भाऊबंदांनी रीतीप्रमाणे मटण व दारूची वाट पाहिली, पण त्याने गोड जेवण घालून सर्वांस चकित केले. ज्या दारूने आपला बाप नेला ती आपल्या लेकीच्या पाळण्याजवळ येऊ द्यावयाची नाही, असा त्याचा निश्चय होता. आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्मा होऊनही ज्या घरी लग्नात बाटली लपवून आणतात, त्यांनी हा प्रसंग पुन्हा एकदा वाचावा.

1905 साली एके रात्री त्याने घर सोडले. ह्या गृहत्यागाची स्तुति अनेकांनी केली आहे. आमच्या मनास मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. मागे म्हातारी आई, पत्नी व लहान मुले होती, आणि त्यांचे पोट त्या दोन बायांच्या मजुरीवर आले. पुढे बाबांच्या शब्दाखातर लोकांनी लाखो रुपये दिले, धर्मशाळा उभ्या राहिल्या, परंतु त्यांतील एक पैही त्यांनी आपल्या कुटुंबास घेऊ दिली नाही. कुंताबाई ऋणमोचनाच्या झोपडीत राहिल्या. 1923 साली मुलगा गोविंद वारला तेव्हा बाबा कोकणात कीर्तन करीत होते, आणि वर्तमान ऐकूनही कीर्तन थांबले नाही. ह्यास कोणी वैराग्य म्हणो, आम्ही कुंताबाईंचे कष्टही त्याच हिशेबात मांडतो.

बाबा गावात येत ते खराटा घेऊन. दिवसा गल्ल्या झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते लोकांसच प्रश्न विचारीत, आणि लोक उत्तर देता देता स्वतःच्या मूर्खपणास हसत. देवापुढे बकरे मारणे, कर्ज काढून लग्ने करणे, दारू व शिवाशीव ह्यांवर त्यांचा मुख्य मारा असे. पंढरपुरात ज्यांस कोणी ओसरीवर उभे करीत नसे त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधविली, आणि 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई येथेही त्यांच्या धर्मशाळा झाल्या.

पण सर्वांत अधिक तळमळीने ते जे सांगत, ते मुलांच्या शाळेविषयी. घरात भांडी नसली तर भाकर हातावर घेऊन खावी, बायकोस कमी किमतीचे लुगडे घ्यावे, परंतु पोरास शाळेत घातल्यावाचून राहू नये, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ असे. लक्षात घ्या, हे सांगणारा मनुष्य स्वतः गुरे राखून मोठा झाला होता. गुरे राखूनही थोर होता येते, मग आमच्या पोराने राखली तर काय बिघडले, असे म्हणणारे आईबाप आम्हांस वेचणीच्या दिवसांत दरवर्षी भेटतात, आणि त्यांतील काही तर बाबांचेच उदाहरण देतात! ज्याचे उदाहरण ते देतात त्याने मात्र आपले बालपण दुसऱ्या कोणा लेकरास कधी सुचविले नाही. कष्टाची लाज धरू नये हे त्याने शिकविले. कष्टापायी अक्षर सोडावे हे नव्हे. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेस त्यांनी मनापासून पाठिंबा दिला, आणि 1954 साली त्या संस्थेने कऱ्हाड येथे काढलेल्या कॉलेजास ह्या निरक्षर माणसाचे नाव मिळाले. अमरावतीचे विद्यापीठ, जे 1983 साली स्थापन झाले, तेही आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

1986 साली बालमजुरीविरुद्ध कायदा झाला. 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला. 2016 साली चौदा वर्षांखालील मुलास कामास लावण्याची सर्वत्र बंदी झाली, मात्र शाळा सुटल्यावर घरच्या कामात हात लावण्याची सूट राहिली. तरीही 2011 च्या शिरगणतीत काम करणारी पाच ते चौदा वर्षांची मुले देशात एक कोटीहून अधिक आढळली होती. घरच्या कामाची सूट कोठे संपते व वेचणीची मजुरी कोठे सुरू होते, हे तहसीलदारास कळणे कठीण; गावच्या उपदेशकास ते हजेरीपटावरून आणि रविवारच्या शाळेतील रिकाम्या जागेवरून चांगले कळते. वेचणी लागली की कोणाची मुले दिसेनाशी होतात ते त्याने लिहून ठेवावे, आणि सायंकाळी त्या घरी जाऊन बसावे. बापाने उचल घेतली असेल तर ती किती व कोणाकडून, हे विचारण्याचा संकोच धरू नये. कागद असेल तर तो मागून घ्यावा आणि त्या घरच्यांस मोठ्याने वाचून दाखवावा.

बाबांचे शेवटचे कीर्तन 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्रे येथे झाले. तेव्हा प्रकृति ढासळली होती. त्यांना वऱ्हाडात आणले. अमरावतीकडे नेत असता ता. 20 डिसेंबर रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच त्यांनी प्राण सोडला. डॉ. आंबेडकरांस जाऊन तेव्हा चौदा दिवस झाले होते. त्यांची समाधि अमरावतीस आहे. त्या वस्तीस आज गाडगेनगर म्हणतात.